हेमा मेहेरचा रविवारचा वर्ग

गार्गी आणि सोहम,

परवा फोनवर गार्गी म्हणाली, नोकरी सांभाळून आठवड्यातल्या दोन संध्याकाळी ती एक अभ्यासक्रम करणार आहे. जागतिक घडामोडी आणि आंतरसांस्कृतिक संबंध. नाव सांगून ती जरा थांबली. आजीला ते समजावून सांगावं लागेल, असं तिला वाटलं असावं. मी म्हटलं, "आमच्या हेमा मेहेरने हाच केला होता." गार्गीने विचारलं, "कोण हेमा मेहेर?" आणि मला काही सांगता येईना.

फोनवर सांगून संपेल अशी ती नव्हती. शिवाय हल्ली मला फार वेळ बोलवत नाही, दम लागतो. लिहायला बसलं की मधे थांबता येतं. मराठीत लिहिते आहे, कारण हेमाचं बोलणं इंग्रजीत नेलं की ते दुसऱ्याच कोणाचं तरी वाटतं. अडलात तर बाबाकडून वाचून घ्या.

हेमा दातिवऱ्याची. वैतरणेच्या मुखाशी, समुद्राच्या काठावर मच्छीमारांचं गाव आहे ते. ती शिकली आणि बोईसरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात कामगार कल्याण अधिकारी झाली. तिच्या शब्दांत सांगायचं तर, "दोघांचं भांडण झालं की तिसरी मी." लग्न केलं नव्हतं. कोणी कारण विचारलं की म्हणायची, "राहूनच गेलं बघा. शिफ्ट लागली होती."

तुमचे आजोबा तारापूरच्या नोकरीतून निवृत्त झाले, आम्ही कॉलनी सोडून पालघरला राहायला आलो, तेव्हाची ही ओळख. चाळिशी उलटल्यावर तिने मुंबईच्या एका संस्थेचा हा शनिवार-रविवारचा अभ्यासक्रम घेतला होता. निबंध इंग्रजीत लिहायचे होते आणि मी शाळेत इंग्रजी शिकवलेलं, म्हणून कोणीतरी तिला माझ्याकडे पाठवलं. दारात चपला काढतानाच म्हणाली, "दमले बाई." मी पाणी दिलं, म्हटलं, अजून तर सुरुवातही नाही. त्यावर तिचं उत्तर, "आताच म्हणून घेते. नंतर म्हणायला वेळ मिळत नाही."

ही तिची कायमची सवय. काम सुरू करण्याआधी दमून घ्यायचं आणि मग न थांबता करत राहायचं. दोन कामांच्या मधे ती बसल्या बसल्या झोपायची, खुर्चीत ताठ, पर्स मांडीवर. जाग आली की अर्धवट राहिलेलं वाक्य पुरं करायची. टीव्हीवरच्या बातम्या तिला सहन होत नसत. आमच्याकडे आली आणि आजोबांनी बातम्या लावलेल्या असल्या तर ती पदर सावरून थेट स्वयंपाकघरात येऊन बसायची. "भाऊंना सांगा, दोघं एकदम बोलत असले की मला कारखान्यात गेल्यासारखं वाटतं."

त्या अभ्यासक्रमात तिला एक पद्धत मिळाली, आणि तिने ती अशी उचलली की जणू कोणी तिच्यासाठीच काढून ठेवली होती. वाद घालणाऱ्या माणसाने आधी समोरच्याची बाजू बोलायची. नुसती बोलायची नाही, समोरच्याने "हां, असंच" म्हणेपर्यंत बोलायची. तो म्हणाला, की मग आपली पाळी. पुस्तकात त्याला लांबलचक नाव होतं. हेमाने दोन शब्दांत आटोपलं होतं: "आधी त्याचं."

तिच्या कारखान्यात एकदा नवी यंत्रं बसवायला दोन जपानी इंजिनियर आले होते. गेस्टहाउसचा स्वयंपाकी राजस्थानी महाराज, कांदासुद्धा नाइलाजाने चिरणारा. पनीर आणि बटाटे खाऊन पाहुणे सुकले. हेमाने दातिवऱ्याहून सुके बोंबील आणले आणि एका इंजिनियरने ते गेस्टहाउसच्याच शेगडीवर भाजले. महाराजाने बोचकं बांधलं. मॅनेजर हेमाकडे धावले.

तिने महाराजाला आणि त्या इंजिनियरला समोरासमोर बसवलं. मधे दुभाषा म्हणून इंग्रजी येणारा एक सुपरवायझर. आधी महाराजाने जपान्याची बाजू मांडायची होती. महाराज बराच वेळ छताकडे बघत बसले आणि मग म्हणाले, "इनके यहाँ गेहूँ नहीं होता होगा, मैडम. बेचारे क्या करें?" जपान्याला ते सांगितलं. तो हसला नाही. विचार करून त्याने मान हलवली, पूर्वी काहीसं असंच होतं म्हणाला. मग त्याची पाळी. तो म्हणाला, या गृहस्थांना मासे फार प्रिय असावेत, म्हणूनच ते मेलेले बघवत नाहीत. सुपरवायझरने भीत भीत हिंदी केलं. महाराजांनी डोळे पुसले. "हाँ. ऐसा ही समझो."

मागच्या अंगणात, वाऱ्याच्या पलीकडच्या बाजूला, वेगळी शेगडी लागली. महाराज राहिले. हेमा मला म्हणाली, "दोघांनी एकमेकांबद्दल जे सांगितलं ते चुकीचंच होतं हो. पण प्रयत्न केला ना? माणसाला तेवढंही पुरतं."

अभ्यासक्रम पुरा झाल्यावर काही वर्षांनी त्या संस्थेने पालघरला केंद्र काढलं आणि हेमाला त्याची जबाबदारी दिली. एका शाळेची खोली, रविवार सकाळ. येणारे सगळे नोकरदार: कारखान्यांतले सुपरवायझर, दवाखान्यातल्या नर्स, बँकेतले, निर्यातीच्या कचेरीतले. अहवाल कसे लिहावेत हे शिकवायला तिने मला ओढलं. शनिवारी रात्रपाळी करून आलेली माणसं बाकावर डुलक्या घ्यायची. हेमा त्यांना उठवत नसे. म्हणायची, "झोपू द्या. कानावर पडतं ते पडतं."

आता मुख्य गोष्ट.

हेमाची धाकटी बहीण कुंदा दातिवऱ्यातच दिलेली. कुंदाचा मुलगा जयेश आणि तिच्या जावेचा, सुमनचा मुलगा रूपेश, दोघे चुलतभाऊ, एकाच ओटीवर वाढलेले. आमच्या किनाऱ्यावरची बरीच मुलं गुजरातच्या मोठ्या बोटींवर खलाशी म्हणून जातात. नारळी पौर्णिमा झाली की गावातून टेंपो भरून निघतात. त्या बोटी मासळीच्या मागे दूर जातात, समुद्रात हद्दीची रेघ काही आखलेली नसते, आणि मग एखादीला पलीकडच्या देशाची गस्तीची बोट धरून नेते. गावात त्या देशाचं नावसुद्धा कोणी घेत नाही. "पलीकडं हाय," एवढंच म्हणतात. सगळ्यांना कळतं.

जयेशची बोट त्या हंगामात धरली गेली. कुंदाला गुजरातहून फोन आला, तिने हेमाला केला, आणि पुढच्याच रविवारी वर्गात समुद्रातल्या हद्दींचा पाठ होता. तो आधीच ठरलेला होता. मी म्हटलं, पुढे ढकल. ती म्हणाली, "ढकलून कुठे ठेवू?"

बँकेतला दिनेश सावे नावाचा एक तरतरीत मुलगा होता. तो ताडकन बोलला, "मॅडम, ते आपले धरतात ना, आपण त्यांचे दुप्पट धरायचे. सोडायचेच नाहीत."

"बरं. आता त्यांचं बोला."

"त्यांचं काय बोलायचं? ते चोरच."

"गस्तीवर आहात तुम्ही. अंधार आहे. बोट दिसली. आत कोण आहे, ठाऊक नाही. बोला."

दिनेश अडखळला. मागच्या बाकावरून एक नर्स चिडून म्हणाली, "मॅडम, हे वर्गात बोलायला सोपं आहे. तुमचं कोणी तिकडे असतं तर तुम्ही बोलला असता त्यांचं?"

"आहे," हेमा म्हणाली. "बहिणीचा मुलगा आहे. परवा नेला."

मग हेमाने स्वतःच त्या गस्तीवाल्याची बाजू मांडली. त्याला वरून आलेला हुकूम, मागच्या वेळी ज्याने सोडून दिलं त्याला बसलेला दंड, त्यांच्याही किनाऱ्यावरची पोरं आपल्याकडच्या तुरुंगात असणं, त्यांच्या आया. आवाज कुठे चढला नाही की कापला नाही. संपल्यावर तिने विचारलं, "हां म्हणायला इथे तो नाही. त्याच्या जागी कोण म्हणतं?" वर्ग सुटल्यावर ती शाळेच्या नळावर बराच वेळ तोंड धूत राहिली.

वर्षभराने, किंवा थोडं अधिकच असेल, त्या बोटीवरचे खलाशी सुटले. गाव त्यांना आणायला स्टेशनवर गेलं. सगळे उतरले, जयेश नव्हता.

कारण गावात सगळ्यांना ठाऊक होतं आणि कोणी बोलत नव्हतं. बोटीवर जायला खलाशाचं ओळखपत्र लागतं. जयेशचं तयार होऊन आलं नव्हतं. रूपेशचं होतं, पण त्या वर्षी रूपेशचा पाय मोडला होता. टेंपो थांबत नाही. तेव्हा जयेश रूपेशचं कार्ड घेऊन गेला. गावात असं सर्रास चालायचं, फोटो कोण निरखून बघतं? मग पलीकडे त्याने नावही कार्डावरचंच सांगितलं. दुसरं सांगितलं तर खोटारडा ठरेन, अशी त्याला भीती. धरलेला माणूस खरोखर आपल्याच देशाचा आहे ना, याची खात्री इकडून कळवावी लागते, त्याशिवाय सोडत नाहीत. ती चौकशी फिरत फिरत दातिवऱ्याला आली. हवालदाराने सुमनच्या दारात विचारलं, रूपेश कुठे आहे? सुमन म्हणाली, "हा काय, समोर बसलाय." हवालदार तेच कळवून मोकळा झाला.

म्हणजे पलीकडच्या तुरुंगात बसलेला मुलगा आता कोणाचाच नव्हता.

कुंदा खरं सांगायला पोलिसांकडे जाऊन आली होती. तिला सांगितलं गेलं, ज्याचं कार्ड त्याने येऊन बोललं पाहिजे, नुसतं आईचं म्हणणं चालणार नाही. आणि सुमन रूपेशला पाठवत नव्हती. दोन्ही जावांचं बोलणं बंद. एकाच ओटीवर दोघी पाठ करून मासे साफ करायच्या. कुंदा हेमाला फोनवर म्हणाली, "एवढी जगाची भांडनं शिकलीस. माझी जाऊ तुला आवरत नाय? मंग कशाला शिकलीस?"

हे हेमाला लागलं. तिने मला ते दोनदा सांगितलं, आणि ती एक गोष्ट दोनदा सांगणाऱ्यातली नव्हती. त्या वेळी तिचं रक्तही फार कमी झालं होतं, पाय सुजत. तरी एका सकाळी आली. "चला दातिवऱ्याला. तुम्ही काही बोलू नका, नुसत्या बसा. तुमच्यासमोर शिव्या देणार नाहीत."

सफाळ्यावरून रिक्षाने गेलो. शिव्यांच्या बाबतीत तिचा अंदाज चुकला. आम्ही ओटीवर टेकतो न टेकतो तोच कुंदाने सुरुवात केली आणि सुमनने तिला मागे टाकलं. हेमा डोळे मिटून बसली होती. मला वाटलं, झोपली. दोघींचा श्वास संपला तेव्हा तिने डोळे उघडले.

"सुमन, मी कुंदाची बहीण. मी तिच्याच बाजूची, हे तुला ठाऊक आहे. म्हणून आधी तुझं बोलते. चुकलं तर सांग."

"माझं तू काय बोलशील?" सुमन म्हणाली. "आमी अडानी."

"तुला वाटतं, रूपेश पोलिसांकडे गेला तर केस होईल."

"नाय का होनार?"

"कार्ड काढून घेतील. परत कोणी बोटीवर घेणार नाही. मोडका पाय, हातात काम नाही, मग लग्न कोण करून देणार."

सुमनने मान हलवली, पण हां म्हटलं नाही. हेमा थोडं पाणी प्यायली. मग हळू म्हणाली, "हे सगळं आहे, पण हे नाही. पाय मोडला नसता तर रूपेशच गेला असता. आज तोच तिकडे असता. देवाने त्याला वाचवला, असं तू रोज म्हणतेस. आणि तुला वाटतं, तो रूपेश नव्हे, रूपेश माझा इथे आहे, असं मोठ्याने सांगायला गेलं, तर देवाला चूक कळेल. तो हिशोब पुरा करायला येईल."

सुमनने हातातली सुरी खाली ठेवली. मग म्हणाली, "हां."

"असंच?"

"असंच हाय. झोप नाय मना."

कुंदा उसळली, "आनि माझा पोर?"

"थांब. तुझं मी बोलणार नाही. तुझं सुमन बोलेल."

हे सुमनला जमणार नाही, असं मला वाटलं. ती दोनतीनदा सुरू झाली आणि थांबली. तुला राग येतो, तुला वाईट वाटतं, असलं काहीतरी. कुंदा दर वेळी तोंड फिरवायची. शेवटी सुमन तिच्याकडे न बघता, खालच्या शेणाने सारवलेल्या जमिनीकडे बघत बोलली.

"मी सांजचं हाक मारते ना. रूपेश, जेवायला ये. ती हाक तुझ्या घरात जाते. तिकडं तुझ्या पोराला पन त्याच नावानं हाक मारत असतील. तुला वाटतं, ही माझ्या पोराला जेवायला बोलावते, आनि तो काय येत नाय."

कुंदाने डोक्यावरून पदर पुढे ओढला. आतून आवाज आला, "हां."

रूपेश दारात उभा राहून सगळं ऐकत होता. कोणी सांगायच्या आत त्याने शर्ट बदलला.

पोलिसांकडे आम्ही सगळेच गेलो, एका रिक्षात कसेबसे. रूपेशने जे घडलं ते सांगितलं. केस झाली नाही, पण दटावणी पुष्कळ झाली आणि कार्ड गेलं. सुमनची ती भीती काही खोटी नव्हती. पुढे रूपेश बोईसरला एका कंपनीत पॅकिंगला लागला, समुद्र सुटला त्याचा. परत येताना हेमाने त्याच्याकडे बघून मला म्हटलं, "याचं नुकसान मी केलं. ते माझ्याकडून भरून निघणार नाही." तिला बरं वाटावं म्हणून मी काहीतरी बोलायला गेले. तिने हात वर केला, नको म्हणाली.

नवी खात्री वर गेली आणि आम्ही वाट बघत राहिलो. गार्गी, तुझ्या पुस्तकांत दोन देशांमधल्या चर्चांचे चढउतार असतील. दातिवऱ्यात ते असे दिसतात: बैठक झाली की कुंदा घर झाडून घेते, बैठक मोडली की झाडू तसाच पडून राहतो. हेमा रविवारी वर्ग घेत होती. शिकणारे कमी होत चालले, संस्थेचं लक्ष ऑनलाइनकडे वळलं. काही रविवारी आम्ही दोघीच खोलीत बसून असायचो. ती म्हणायची, "पाठ घेऊ या. सवय मोडायला नको." आणि खरंच घ्यायची.

मधे दोन पावसाळे गेले आणि जयेश आला. रात्रीच्या गाडीने सुरतेपर्यंत, पुढे जीपने. दुसऱ्या दिवशी दुपारी हेमाने मला दातिवऱ्याला नेलं. ओटी माणसांनी भरली होती. जयेश भिंतीला टेकून बसला होता, खूप बारीक झालेला, कोणी हाक मारली की आधी इकडेतिकडे बघून मग ओ देणारा. सुमनने त्याच्यापुढे कोळंबीचं कालवण आणि भात ठेवला. कुंदाने वाढू दिलं. दोघी काही फार बोलत होत्या असं नाही.

लोक जयेशला पलीकडचं विचारत होते. हेमाने काहीच विचारलं नाही. तिलाही ताट दिलं होतं. मी वळून पाहिलं तर ती ओटीच्या खांबाला टेकून झोपली होती. ताट मांडीवर, भाताला हात लागलेला नव्हता. कोणीतरी हसलं, "हेमामावशी बघा." एका बाईने ताट अलगद काढून घेतलं. त्या सगळ्या गोंगाटात ती तोंड किंचित उघडं ठेवून झोपली होती. निघायची वेळ झाली तेव्हा मी तिला उठवलं नाही. राहू दे इथेच, कुंदा म्हणाली, आणि मी एकटी परत आले.

त्यानंतर माझी-तिची भेट झाली नाही. महिन्याभरात ती गेली. मला तेव्हा ताप होता, मी जाऊ शकले नाही.

पालघरचं केंद्र त्याच वर्षी बंद झालं. त्या खोलीत आता शिकवणी चालते. दिनेश सावेची बदली झाली, कुठे ते मला माहीत नाही. जयेश पुढच्या हंगामात पुन्हा गुजरातच्या बोटीवर गेला, कारण दुसरं काम मिळालं नाही. सीमेचं जे होतं ते आहे. पोरं धरली जातात, सोडली जातात.

पण नारळी पौर्णिमेनंतर दातिवऱ्यातून टेंपो निघतो, तेव्हा सुमन रस्त्यावर उभी राहते. चढणाऱ्या प्रत्येक मुलाचं कार्ड बघते, फोटो आणि तोंड ताडून. आता तिच्याबरोबर आणखी बायका असतात. कार्ड दुसऱ्याचं असेल तर मुलाला खाली उतरवतात, आणि ड्रायव्हर थांबतो. दातिवऱ्याहून आता कोणी दुसऱ्याच्या नावाने समुद्रावर जात नाही.